खाकीच्या आतून आलेली कादंबरी

पोलिसात किंवा सरकारी वकिलीत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाने रहस्यकथा लिहिली की ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, बाकीचे ऐकीव लिहितात, यांनी अंगावर घेतलंय, तेव्हा खरं काय ते यांनाच विचारा. दुसरी बाजू म्हणते, हे खात्याचं जाहिरातखातं आहे, एन्काउंटरवाल्यांना हिरो करायचे धंदे आहेत, हातही लावू नका. दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलतात आणि दोघांचाही मुद्दा फिरून फिरून एकाच ठिकाणी येतो: लेखक माणूस कसा आहे? सचोटीचा की बनेल, सोसलेला की मिरवणारा? पुस्तक वाचायचं कसं, हा प्रश्न बाजूलाच राहतो. माझं म्हणणं असं की ही पुस्तकं जरूर वाचावीत, चवीने वाचावीत. पण त्यांतला तपशील खरा आहे एवढ्यावरून त्यांतला निकालही खरा मानू नये. तपशील आणि निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आतला माणूस पहिल्याच्या जोरावर दुसरी आपल्या गळी उतरवतो, बऱ्याचदा त्याच्या स्वतःच्याही नकळत.

तपशिलाच्या बाबतीत आतल्या माणसाला तोड नाही, हे आधीच मान्य करून टाकतो. बाहेरचा लेखक लिहितो की रक्ताचे नमुने सकाळी पाठवले आणि संध्याकाळी अहवाल टेबलावर आला. आतल्याला ठाऊक असतं की तो अहवाल यायला महिने लागतात आणि तोवर तपासी अंमलदाराची बदलीही झालेली असते. बाहेरच्याच्या कथेत पंच नावाचा प्राणी नसतोच. आतल्याला माहीत असतं की पंच म्हणून कोर्टात खेटे घालायला कोणी तयार होत नाही, मग ठाण्याशेजारचा टपरीवाला चौथ्यांदा पंच होतो, आणि उलटतपासणीत आरोपीचा वकील पहिला प्रश्न विचारतो, 'याआधी किती वेळा पंच होतात?' 'सदरचा पंचनामा आम्हांस वाचून दाखविला, तो बरोबर व खरा आहे' या वाक्याखाली सह्या होत असताना खोलीतलं वातावरण कसं असतं, बंदोबस्ताच्या सोळाव्या तासाला हवालदाराचे पाय कसे भरून येतात, रिमांडच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात आरोपीची आई कुठे उभी असते, हे कल्पनेने लिहिता येत नाही असं नाही, पण त्याला फार मोठी प्रतिभा लागते. आतल्याला नुसती स्मरणशक्ती पुरते. अशा पानांसाठी मी कितीही सुमार कथानक सहन करतो.

गंमत अशी की या माणसाच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा, याचा विचार कायद्याने दीडशे वर्षांपूर्वीच करून ठेवला आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचं २५ वं कलम सांगतं की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यातही २३ व्या कलमात ही तरतूद जशीच्या तशी आहे. ती घालणारे कोणी मानवाधिकारवाले नव्हते, इंग्रज होते. आपल्याच पोलिसांना ते पुरते ओळखून होते. मद्रास इलाख्यात छळ करून जबाब आणि महसूल कसा उकळला जातो, याचा चौकशी आयोगाचा अहवाल १८५५ मध्येच त्यांच्या हातात पडला होता. १८७२ च्याच कायद्याचं २७ वं कलम तर वाचकाने पाठ करून ठेवावं असं आहे. कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्याच्या निवेदनातला त्या वस्तूच्या सापडण्याशी थेट संबंध असलेला तेवढाच भाग ग्राह्य धरायचा. 'मी ज्याने भोसकलं तो चाकू घराच्या छपरात लपवलाय, काढून देतो, माझ्याबरोबर चला' असं आरोपी म्हणाला आणि चाकू निघाला, तर चाकू छपरात होता आणि याला ते माहीत होतं, एवढंच सिद्ध होतं. 'मी ज्याने भोसकलं' हे शब्द गाळायचे. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, डिसेंबर १९४६ मध्ये पुलुकुरी कोटय्या खटल्यात हे स्पष्ट केलं आणि आपली न्यायालयं आजही त्याचाच हवाला देतात.

आतल्या माणसाची कादंबरी अशीच वाचावी, असं मला वाटतं. छपरातला चाकू घ्यावा. ठाणं कसं चालतं, कागद कसा हलतो, वरून फोन आला की कोणाचा आवाज बदलतो, हे सगळं मुद्देमाल म्हणून जमा करावं. 'भोसकलं कोणी' हे मात्र त्याच्या तोंडून आलंय म्हणून खरं धरू नये. जे न्यायालय शपथेवर ऐकूनही मानत नाही, ते आपण चारशे रुपये मोजून बिनशर्त का मानावं?

'अहो, पण कादंबरीत गुन्हेगार कोण हे लेखकच ठरवतो, त्यात मानण्या-न मानण्यासारखं काय आहे?' हा आक्षेप वाटतो तेवढा बाळबोध नाही. त्याचं उत्तर थ्रिलरच्या बांधणीत आहे. अशा बहुतेक कादंबऱ्यांचं पहिलं प्रकरण काढून पाहा. अंधार आहे, एक माणूस सावजाच्या मागावर आहे, आपण त्याच्या डोक्यात शिरून खून पाहतो. दुसऱ्या प्रकरणात तपास अधिकारी येतो. म्हणजे तपास सुरू व्हायच्या आधीच गुन्हा काय आणि कसा झाला, हे वाचकाला समजलेलं असतं. आता अधिकाऱ्याला ज्याचा संशय येतो तो माणूस आपल्याला पहिल्या प्रकरणातल्या माणसासारखा दिसू लागला, की पुढची प्रत्येक अडचण हा अन्याय वाटायला लागतो. वॉरंट लागतं? वेळकाढूपणा! आरोपीला वकील हवा? नाटकं! न्यायाधीश पुरावा मागतात? त्यांचं काय जातंय, एसीत बसून! गुन्हेगार कोण हे माहीत असलेल्या जगात कायद्याची प्रत्येक हमी म्हणजे नुसता अडथळा. खऱ्या तपासात ते पहिलं प्रकरण कुणालाच वाचायला मिळत नाही. ना अधिकाऱ्याला, ना वकिलाला, ना न्यायाधीशाला. त्या सगळ्या हमी जन्मालाच आल्या त्या यामुळे. आतला लेखक आपल्याला ते पहिलं प्रकरण फुकट देतो आणि आपला आतला अनुभव म्हणून खपवतो, हा त्याचा सगळ्यात मोठा हातचलाखीचा खेळ. तो अनुभव त्याला स्वतःला नोकरीच्या एकाही दिवशी आलेला नसतो.

हा धोका कागदावरचा नाही, हे पाहायचं असेल तर न्यूयॉर्कच्या लिंडा फेअरस्टीन यांचं उदाहरण आहे. मॅनहॅटनच्या सरकारी वकील कार्यालयात १९७६ पासून २००२ पर्यंत त्यांनी लैंगिक गुन्ह्यांच्या विभागाचं नेतृत्व केलं. अत्याचार झालेल्या बाईलाच आरोपीसारखं वागवणाऱ्या व्यवस्थेत त्यांनी आणि त्यांच्या विभागाने केलेलं काम खरोखर मोठं होतं, त्यात हात आखडता घेऊ नये. १९९६ मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली. नायिका कोण? मॅनहॅटनच्या सरकारी वकील कार्यालयातल्या लैंगिक गुन्हे विभागाची प्रमुख. हुशार, निडर, आणि आपल्या बाजूने सत्य आहे याबद्दल ठाम. पुढे मालिका झाली, ती खपाच्या याद्यांत गाजली. वाचक म्हणत, हे खरं, कारण बाई आतली आहे.

पण एप्रिल १९८९ मध्ये सेंट्रल पार्कमध्ये धावायला गेलेल्या एका तरुणीवर अमानुष हल्ला आणि बलात्कार झाला होता. चौदा ते सोळा वर्षांची पाच कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं पकडली गेली. तासन् तास चौकशी झाली, कबुलीजबाब झाले, त्यांतले चार व्हिडिओवर टिपलेले. चौकशी चालू असताना फेअरस्टीन ठाण्यात हजर होत्या. खटला प्रत्यक्ष चालवला तो त्यांच्या सहकारी वकिलाने. डीएनए त्या पाचांपैकी एकाशीही जुळत नव्हता. तरी पाचही दोषी ठरले, कारण कबुलीजबाब होते ना! २००२ मध्ये दुसऱ्याच एका कैद्याने गुन्हा कबूल केला, त्याचा डीएनए तंतोतंत जुळला आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात पाचही शिक्षा रद्द झाल्या. २०१४ मध्ये शहराने त्यांना ४ कोटी १० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. तपासात चूक झाली हे फेअरस्टीन यांना मान्य नाही. त्यांनी २०१९ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून आपली बाजू मांडली, आणि आपल्याला खलनायिका म्हणून दाखवणाऱ्या मालिकेवर २०२० मध्ये दावा लावला, तो २०२४ मध्ये तडजोडीने संपला. मी त्यांच्या मनातलं शोधायला जात नाही. मला तारखा बोलक्या वाटतात. १९९६ मध्ये ती निडर नायिका पुस्तकांच्या दुकानात झळकली, तेव्हा त्या पाचांपैकी निदान एक जण अजून तुरुंगातच होता.

मग काय झालं? अमेरिकेतल्या रहस्यकथाकारांच्या संघटनेने २०१८ मध्ये त्यांना सर्वोच्च सन्मान जाहीर केला आणि ओरड होताच दोन-तीन दिवसांत मागे घेतला. २०१९ मध्ये प्रकाशकाने संबंध तोडले. बहिष्कारवाल्यांना हा विजय वाटला. मला ती फुकटची पापक्षालनाची सोय वाटते. २००२ मध्ये शिक्षा रद्द झाल्याचं जगजाहीर होतं. नंतरची सोळा-सतरा वर्षं तीच पुस्तकं त्याच लोकांनी छापली, विकली आणि गौरवली. २०१९ मध्ये पुस्तकांतलं एक अक्षर बदललं नव्हतं. लेखिका हाकलल्याने वाचकांची डोळे मिटून वाचायची खोड सुटली का? उलट ती पुस्तकं आज जास्त लक्ष देऊन वाचली पाहिजेत. एखाद्या हुशार, कष्टाळू, पीडितांची मनापासून बाजू घेणाऱ्या माणसाला आपण चुकू शकतो हे का दिसत नाही, याचा याहून चांगला दस्तऐवज कुठे मिळेल?

हा खेळ नवाही नाही. फ्रान्सचा विडोक आधी गुन्हेगार होता, मग पॅरिसच्या गुप्तहेर शाखेचा प्रमुख झाला, आणि १८२८ पासून त्याच्या आठवणी छापून आल्या, त्याही दुसऱ्यांच्या हातून सजवून घेतलेल्या. आपल्याकडे बंगालीत प्रियनाथ मुखोपाध्याय या कलकत्त्याच्या पोलीस अधिकाऱ्याचं 'दारोगार दप्तर' १८९२ पासून अंकामागून अंक येत राहिलं. पण मराठी वाचकाने पाहावं असं उदाहरण 'दारोगार दप्तर'च्याही आधीचं, आणि आपल्या अंगणातलं आहे. कर्नल फिलिप मेडोज टेलर. पोरवयात निजामाच्या फौजेत शिरलेला इंग्रज, पुढे निजामाच्या मुलखात पोलिसी काम केलेला, आणि १८५३ नंतर नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहिलेला. १८३९ मध्ये लंडनमध्ये त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी निघाली. अमीर अली हा ठग (वाटसरूंचा गळा आवळून त्यांना लुटणारा) माफीचा साक्षीदार झालाय आणि तुरुंगात बसून एका साहेबाला आपल्या खुनांची कहाणी सांगतोय, असा तिचा घाट. टेलरने असे साक्षीदार प्रत्यक्ष पाहिले होते, ऐकले होते. अस्सलपणाबद्दल शंका घ्यायला जागाच नाही, असं वाटावं अशी ही व्यवस्था.

आता त्या कादंबरीची बाजूची पानं पाहा. ठगांच्या बंदोबस्ताचं काम पाहणाऱ्या स्लीमन या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याची सगळी मोहीम माफीच्या साक्षीदारांवर उभी होती: फाशी टाळायची तर नावं सांग. सांगणाऱ्याला जितकी जास्त नावं आठवतील तितका तो उपयोगी. १८३६ च्या कायद्याने तर अमुक खून केला हे सिद्ध करायचीही गरज ठेवली नाही. ठगांच्या टोळीतला असणं एवढ्यावर जन्मठेप. वाटमारे आणि खुनी नव्हतेच असं कोणी म्हणत नाही. पण देवीच्या आज्ञेने, बापाकडून मुलाकडे, रक्तातून वाहणारा गुन्हा ही जी आकृती उभी राहिली, ती किती त्या लोकांची आणि किती प्रश्न विचारणाऱ्या साहेबांची, यावर इतिहासकार आजही भांडतात. लंडनच्या वाचकाने मात्र भांडण केलं नाही. त्याच्या हातात आतल्या माणसाची कादंबरी होती. ज्या सरकारला आपल्या दारोगापुढचा कबुलीजबाब संशयास्पद वाटत होता, त्याच सरकारच्या जनतेला साहेबापुढचा कबुलीजबाब दिवाणखान्यात वाचायला चालत होता! पुढे १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला आणि जन्माने गुन्हेगार ही कल्पना सरकारी नोंदवहीत उतरली. तो एका कादंबरीने आणला असं म्हणणं मूर्खपणाचं होईल. पण तो कायदा वाचून धक्का बसू नये, इतकी लोकांची मनाची मशागत आधीच झालेली होती, आणि त्या मशागतीत टेलरचा नांगर होता. टेलर तसा वाईट माणूस नव्हता. त्याला मुलखाची भाषा येत होती, लोकांत वावर होता. म्हणूनच तर त्याचं खरं वाटलं.

त्या कायद्याच्या पुढच्या रूपाखाली टेलरच्या नळदुर्गाशेजारच्या सोलापुरात या जमातींना डांबायला तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला; भटके-विमुक्त तो दिवस आजही पाळतात. आणि १९८७ मध्ये लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' हे आत्मकथन आलं. लातूर जिल्हा १९८२ पर्यंत, नळदुर्ग ज्यात येतं त्या उस्मानाबादचाच भाग होता, म्हणजे टेलर जिथे कारभार करून गेला त्याच पट्ट्यातलं हे पुस्तक. त्यातही पोलीस आहेत, झडती आहे, कबुली आहे, मुद्देमाल आहे. फक्त कॅमेरा जमिनीवर, मार खाणाऱ्याच्या उंचीवर ठेवलेला आहे. हाही आतलाच माणूस आहे. पोलीस तपासाचं आत म्हणजे फक्त टेबलामागची खुर्ची, हे कोणी ठरवलं? टेबलासमोर उकिडवं बसवलेला माणूस त्याच खोलीत असतो.

'शेवटी करमणूक आहे, इतकं काय मनावर घेता?' असं म्हणणारे मित्र मला आहेत. ६ डिसेंबर २०१९ ला हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार संशयित पहाटे पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. पोलिसांची हकिकत नेहमीची: शस्त्रं हिसकावली, हल्ला केला, स्वसंरक्षणार्थ गोळीबार. लोकांनी पुलावर उभं राहून पोलिसांवर फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयाने आपल्या नागपूरच्या निवृत्त न्या. विकास सिरपूरकरांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०२२ मध्ये आयोगाने म्हटलं की या चौघांवर मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांतले तिघे अल्पवयीन होते, आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा. मृत चौघांनी तो गुन्हा केला होता का, हे आता कुठलंच न्यायालय ठरवू शकत नाही. फुलं उधळणाऱ्यांना मात्र त्या सकाळीच सगळं माहीत होतं. कुठून? त्यांनी पहिलं प्रकरण वाचलेलं होतं. थ्रिलरमुळे एन्काउंटर होतात असा माझा दावा नाही. लोकांचा संताप खरा होता आणि खटले वर्षानुवर्षं रखडतात हेही खरं. पण संतापाला गोष्टीचा ठरलेला शेवट कोणीतरी शिकवलेला असतो.

आता बहिष्कारवाल्यांना निरुत्तर करणारं उदाहरण. स्कॉट टुरो शिकागोत केंद्र सरकारचा वकील होता. न्यायाधीशांच्या लाचखोरीचे खटले त्याने चालवले. १९८७ च्या त्याच्या पहिल्या कादंबरीत सरकारी वकील आहेच, पण तो आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. आयुष्यभर जे यंत्र दुसऱ्यांवर चालवलं त्याखाली स्वतः आल्यावर त्याला त्याचे दाते मोजता येतात. पुरावा गहाळ होतो, साक्षीदारांचे हिशेब असतात, आणि सत्य व निकाल यांची गाठ पडत नाही. पुढे इलिनॉयमध्ये फाशीच्या शिक्षेचा विचार करायला आयोग नेमला गेला, त्यात टुरो होता. सगळं तपासून तो त्या शिक्षेच्या विरोधात गेला. टुरोच्याही आधी लॉस एंजेलिसचा पोलीस जोसेफ वॉम्बॉ याने १९७१ मध्ये नोकरीत असतानाच अशी कादंबरी लिहिली की तिच्यातले पोलीस घाबरतात, चुकतात, दारू पितात, खचतात; वरिष्ठांना ती अजिबात रुचली नाही. तेव्हा आतला असणं हा दोष नाही. पाहायचं ते एवढंच, की लेखकाने आपल्या खुर्चीला चुकायची मुभा दिली आहे का. फेअरस्टीन यांच्या नायिकेचा एखादा संशय चुकतो, पण तिचं कार्यालय चुकत नाही. टुरोच्या पुस्तकात कार्यालयच संशयित आहे.

आपल्याकडे अशी मुभा घेणं किती अवघड आहे, हेही 'यांनीच लिहावं' म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. नोकरीत असताना सरकारच्या धोरणावर टीका केली की सेवानियम आडवे येतात. २०२१ मध्ये केंद्राने पेन्शनचे नियम बदलले. गुप्तचर आणि सुरक्षा यंत्रणांतल्या निवृत्तांना आपल्या संस्थेच्या कामाबद्दल काही छापायचं तर आधी परवानगी लागते. परवानगीच्या चाळणीतून जे खाली पडतं ते खात्याला पचणारंच असणार. आणि लिहितो कोण? बहुतेक वरच्या पदावरून निवृत्त झालेले, आणि तेही आधी इंग्रजीत. ज्याने जबाब हाताने लिहून घेतले, आरोपीला रात्री चहा पाजला आणि साहेबांच्या सांगण्यावरून वेळ बदलून स्टेशन डायरीत नोंद केली, त्या हवालदाराची कादंबरी मराठीत माझ्या तरी वाचनात नाही. पंचाची तर नाहीच. चौथ्यांदा सही करणाऱ्या त्या टपरीवाल्याने त्या चार खोल्यांत खरं काय पाहिलं, सही करताना कागद वाचला होता का, आणि नंतर कोर्टात 'मला आठवत नाही' म्हणताना तो कोणाला घाबरत होता, हे कोणी लिहिलं तर मी पहिल्या दिवशी रांगेत उभा राहून घेईन, आणि तेही २७ व्या कलमाप्रमाणेच वाचेन.